खाडीच्या वेळेचे गाव: नावडे आणि तिथे शिकायला आलेली मुले

नावडे हे पनवेल तालुक्यातले गाव मुंब्रा-पनवेल रस्त्यालगत, कळंबोली आणि तळोजा यांच्या दरम्यान आहे. समुद्राची गाज इथे ऐकू येत नाही. गावाचा पाण्याशी संबंध आला तो कासाडी नदीमुळे आणि ती जिला जाऊन मिळते त्या पनवेलच्या खाडीमुळे. तरीही नावडे आणि शेजारची रोडपाली, तोंडरे, पेंधर, कोल्हेखार ही गावे जगली ती किनाऱ्याच्याच रीतीने. पावसाळ्यात भात, बाकीच्या दिवसांत मासळी आणि खाडीतली कामे, आणि या सगळ्याला वेळ घालून देणारी भरती-ओहोटी. आज याच भागात विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि घाटावरून मुले शिकायला येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पहिल्या काही महिन्यांत एकच तक्रार करतात: इथे सगळे फार सावकाश चालते. या सावकाशपणाला इतिहास आहे. त्याचा एक भाग खाडीइतका जुना आहे, तर दुसऱ्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात नेमकी सांगता येते.

जुना भाग पाण्याचा. मुंबई बंदरात आणि त्याला जोडलेल्या खाड्यांत दिवसाला दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोळी आणि आगरी घरांत याचा हिशेब तिथीवरून मांडतात. चालू तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. वाऱ्याने आणि खाडीच्या लांबीने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जाळे टाकायला किंवा होडी सोडायला एवढा अंदाज पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. घरात पंचांग असायचे ते मुहूर्तासाठी, तसेच पाण्यासाठीही.

या हिशेबावर चालणाऱ्या माणसाचा दिवस बाहेरच्याला विस्कळीत दिसतो. आज पहाटे चारला उठलेला माणूस आठवड्याने सकाळी नऊलाही ओटीवर बसलेला असतो, आणि भर दुपारी अंगणात जाळ्याची गाठ मारत बसलेल्याला कसलीच घाई नसते. पाणी यायचे असते तेव्हा थांबणे हेच काम असते आणि ते आल्यावर पाच मिनिटांचा उशीरही चालत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला मिळणारा वेळ दीड-दोन तासांचा. तो गेला की त्या पाळीची मासळी गेली. या जीवनाला संथ म्हणणारे त्याचा अर्धाच दिवस पाहतात.

दुसरा भाग समजण्यासाठी पनवेल बंदराकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पनवेल हे सुस्त गाव नव्हतेच. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला उतरे आणि तिथून बोरघाट चढे. मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज प्रवासिनी १८०९ मध्ये याच वाटेने गेली आणि बिशप रेजिनाल्ड हेबरही १८२५ मध्ये पनवेललाच उतरून पुण्याकडे निघाले. होडी सुटायची ती भरती पाहून. चुकली तर पुढच्या पाण्यापर्यंत धक्क्यावर थांबायचे, मग तो हमाल असो की बिशप. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलच्या वाहतुकीला आणखी जोर आला. १८५२ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते, यावरूनच या बंदरगावाचे तेव्हाचे वजन कळते.

दुसऱ्याच वर्षी, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून पलीकडे गेली. हा लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला पडले. पुण्याची वाहतूक गेली, धक्क्यावरची वर्दळ ओसरली आणि पनवेलच्या आसपासची खाडीकाठची गावे शंभर वर्षे रेल्वेविना राहिली. कोकण निसर्गतःच संथ आहे असे म्हणणाऱ्यांनी या तारखा लक्षात घ्याव्यात. पनवेल परिसराचा संथपणा बराचसा एका रुळाच्या वळणाने ठरवलेला आहे. दिवा-पनवेल मार्ग आला तो विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात. नावडे रोड हे स्थानक याच मार्गावरचे. पण त्यावर मालगाड्यांना मान मोठा, आणि प्रवासी गाड्या दिवसभरात मोजक्याच. शंभर वर्षांनी रूळ आले, तरी वाट पाहणे काही सुटले नाही.

दरम्यान गावांचे खरे लक्ष होते खारजमिनीवर. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, आतली जमीन दोन-चार पावसाळ्यांत धुऊन काढायची आणि मग भात घ्यायचे, ही कुलाबा-ठाणे किनाऱ्याची फार जुनी विद्या आहे. बांध घालून जमीन उठवणाऱ्या शिलोत्र्यांना त्या बदल्यात जमिनीवर हक्क मिळत. बांधात ठरावीक अंतरावर पाणी सोडण्याची दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी जोराने बाहेर पडते आणि दार आपोआप उघडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार घट्ट बसते. माणसाने करायचे ते एवढेच, की दार अडकलेले नाही ना हे पाहायचे. मात्र ते रोज पाहायचे, आणि उधाणाच्या रात्री कंदील घेऊन पाहायचे.

बांधाला खांड पडली तर संकट सगळ्या गावावर येई. एकदा खारे पाणी आत आले की जमीन पुन्हा पिकती व्हायला दोन-तीन वर्षे जात. खांड भरायची ती भांगाच्या दिवसांतच, कारण तेव्हाच पाणी कमी चढते. म्हणजे हाताशी आठवड्याहून कमी दिवस. त्या दिवसांत घरटी एक माणूस चिखलात उतरलेला असे. बाहेरून आळशी वाटणाऱ्या गावाला वर्षातून काही दिवस असे वेगाने काम करावे लागे की शहरातल्या कुठल्याही कारखान्याने मान खाली घालावी. स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा कायदा केला. खाऱ्या जमिनीत टिकणारे काळा राता, भुरा राता हे देशी भात आणि त्यानंतरचे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे सुधारित वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राशी जोडलेले आहेत. कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र म्हणजे या परिसरात खाडीचाच अभ्यास करायला येण्याचे एक ठिकाण. बाकीचे विद्यार्थी खाडीकडे पाठ करूनच शिकतात.

शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ यांचे भांडण जुनेच. लावणीच्या दिवसांत घरातले प्रत्येक हात चिखलात लागत. त्यात शाळेत जाण्याच्या वयाचे हातही आले. शाळेचे वर्ष सुरू होते जूनमध्ये, नेमके मृगाच्या तोंडावर. कोकणाच्या दूरच्या बंदरांवरून मुंबईला शिकायला निघणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण असे. पावसाळ्यात समुद्र खवळल्यावर आगबोटी बंद होत. त्यामुळे जूनमध्ये मुंबईत वर्गात बसायचे तर मे संपण्याआधीची बोट धरायची, आणि एकदा पोचले की श्रावण सरेपर्यंत गावाकडे परतीची वाट नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे कोकणातल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सत्राची लांबी मोसमी वाऱ्याने ठरवली.

नावडे-तळोजा पट्ट्यातल्या मुलांचे पुढचे शिक्षण म्हणजे पनवेल. तिथे रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले आणि घरातला पहिला पदवीधर होण्याची संधी अनेक आगरी, कोळी, कातकरी आणि कराडी मुलांच्या चालत जाण्याच्या अंतरावर आली. ‘चालत’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. एसटी चुकली की चालणे हाच पर्याय असे. हे वर्ष या भागाच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे, कारण मार्च १९७० मध्येच सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे करण्याचे काम तिच्याकडे सोपवण्यात आले. एका बाजूला गावातली मुले पदवीकडे निघाली होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या घरची शेती संपादनाच्या यादीत चढत होती.

संपादनाचा मोबदला आणि पुनर्वसन यांवरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ती विद्यार्थ्यांच्या गोष्टीत बाहेरची वाटेल, पण नवी मुंबईत परगावचे कितीतरी विद्यार्थी राहतात त्या इमारती याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. भाडे घ्यायला येणारे काका किंवा मावशी बहुतेकदा त्या खारजमिनीचे जुने मालक असतात, आणि त्यांच्या बोलण्यात खांड, उघाडी, भांग हे शब्द अजून सहज येतात.

शेती गेली तशी बांधांची निगा संपली. खारे पाणी आत शिरले आणि जिथे भात होते तिथे तिवरांची दाट झाडी उठली. आज नव्याने आलेल्याला हे जंगल आदिम वाटते, पण त्यातल्या काही भागाचे वय पन्नास वर्षांपलीकडे जात नाही. दुसरीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत वाढली आणि कासाडीचे पाणी बिघडले. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले तेव्हा या नदीची कथा देशभर गेली. मच्छीमारांना ती फार आधीपासून माहीत होती. जाळ्यात काही यायचे बंद झाल्यावर तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब करण्याचे कारणही उरत नाही. खाडीचे घड्याळ बंद पडले ते असे, आळसाने किंवा आधुनिकतेच्या ओढीने नव्हे, तर रसायनांनी.

गती मात्र वाढत गेली. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ मध्ये सुरू झाला होता. हार्बर लोकल १९९२ मध्ये वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोचली. त्या पाठोपाठ नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर इथे अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, फॅशन अशा शाखांच्या संस्था वाढल्या आणि विद्यार्थ्यांची दिशा पालटली. पूर्वी खाडीकाठची मुले मुंबईकडे जात. आता राज्यभरातली मुले खाडीकाठी येऊ लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि तिच्यात घेतलेल्या २९ गावांत नावडेही होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली. तिचे शेवटचे स्थानक पेंधर नावड्याच्या शेजारचेच. खारघरच्या मानाने भाडे कमी म्हणून तळोजा-नावडे पट्ट्यात खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजचा रस्ता आता पूर्वीपेक्षा सोपा आहे.

तरीही त्याला जुळवून घ्यावे लागते, आणि ते कशाकशाशी हे पाहण्याजोगे आहे. पहिली अडचण वाहनाची. ती किनाऱ्याच्या स्वभावातून आलेली नाही, अपुऱ्या सोयीतून आली आहे. मेट्रो, शेअर रिक्षा आणि बस यांची साखळी एखाद्या ठिकाणी तुटली की तासभर जातो, आणि नावडे रोडवरून दिव्याकडे जाणारी गाडी गेली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा रस्त्याने निघालेले बरे. हे संथ जीवन म्हणून साजरे करण्यात अर्थ नाही.

बाजार आणि जेवण यांचे जुळणे वेगळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजे मासे महाग होतात, सुके बोंबील, जवळा आणि सोडे डब्यांतून बाहेर येतात आणि खाणावळीचा फळा बदलतो. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा होड्या निघतात. घाटावरून आलेला मुलगा दुसऱ्या वर्षापर्यंत हे वेळापत्रक जिभेने शिकतो.

गावाशी खरी ओळख होते ती हिवाळ्यात, पोपटीने. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, आणि शेंगा भरल्या की शेतातच पोपटी लावायची, ही रायगड जिल्ह्याची प्रथा. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्डीचा पाला दाबून बसवतात. मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर जाडे मीठ आणि ओवा, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा बोळा. पाणी थेंबभरही घालत नाहीत. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, सुकी लाकडे, गोवऱ्या रचतात आणि जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवतो. थेंब चर्र करून उडून गेले की पोपटी झाली. त्याआधी मडके उघडा म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. भांबुर्डीचा उग्र वास शेंगांना लागलेला असतो, तो पहिल्यांदा नको वाटतो आणि दुसऱ्यांदा हवाच वाटतो. नावड्याच्या परिसरात इमारतींनी शेते खाल्ली, वाल बाजारातून आणावा लागतो, तरी मोकळा भूखंड सापडला की डिसेंबर-जानेवारीत जाळ दिसतो. भाडेकरू मुलांनाही बोलावतात.

संथपणाचा अर्थ शांतता असा घेऊन आलेल्याची मात्र फसगत ठरलेली. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी. एके काळी मांडवात धवलारीण धवले गात असे आणि विधी तिच्या गाण्याच्या क्रमाने पुढे जात. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा बँड आणि डीजेने घेतली आहे. लग्नसराई आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एकाच काळात येतात. या रात्री अभ्यासिकेत किंवा मित्राच्या खोलीवर काढण्याची युक्ती जुने विद्यार्थी नव्यांना आल्याआल्या सांगतात, आणि ती या परिसरातल्या सर्वांत उपयोगी सूचनांपैकी एक आहे.

आणि शेवटी पाऊस. सिडकोने नवी मुंबईचे नोड वसवताना भरतीच्या पातळीखालच्या जमिनीसाठी धारण तलाव ठेवले; कळंबोलीचा तलाव त्यांपैकीच. ओहोटीला पाणी खाडीत सोडायचे, भरतीला दारे मिटायची आणि मधल्या वेळेत पाऊस तलावात साठवायचा, अशी ही रचना. शिलोत्र्यांच्या उघाडीचेच हे सिमेंटमधले रूप, फक्त ते राखायला घरटी माणूस नाही आणि तलाव गाळाने भरला की साठवण घटते. २६ जुलै २००५ च्या पावसात कळंबोली-पनवेल परिसर बुडाला. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की सखल भागात पाणी तुंबण्याचा धोका आजही असतो. तेव्हा कॉलेजची वेळ, मेट्रोची वेळ आणि परीक्षेची वेळ या तिन्हींवर पाण्याची वेळ चढते.

म्हणून नावडे, कळंबोली किंवा रोडपालीत तळमजल्यावर खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याने करार करण्याआधी शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: जुलैत पाणी कुठवर येते? भिंतीवरची खूण ते दाखवतात. आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रातले भरतीचे कोष्टक रोज पाहावे. ते हाताशी नसेल तर तिथीची पाऊणपट करावी.